बायकांच्या भांड्यातलं दूध

माझ्या आईला महाशिवरात्रीच्या दिवशी, महादेवाच्या देवळात, भांग पाजली ती माझ्या सख्ख्या काकांनी. तिने विचारलं होतं आणि काकांनी खोटं सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घराण्यात ही हकिगत अजून सांगितली जाते आणि दर वेळी अर्धीच सांगितली जाते, हसू येईल तेवढी. उरलेली अर्धी सांगायला कोणी तयार नाही, म्हणून मी लिहायला बसले.

नव्वदीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही दांडिया बाजारात एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्या घोडदळातल्या शिपायांनी वर्गणी काढून गल्लीच्या टोकाला महादेवाचं एक लहानसं देऊळ बांधलं होतं. पुढे संस्थान गेलं, घोडे गेले, पणतू कारकून झाले, दुकानदार झाले. बाबा सरकारी कचेरीत होते. काकांनी नोकरी सोडून गावाबाहेर छाणीला लेथ मशिनं टाकली होती आणि त्यांचं बरं चाललं होतं. गल्लीत रंगीत टीव्ही आणि केबल पहिल्यांदा त्यांच्याकडे आली. पण देवळाची कमिटी अजूनही त्याच सात-आठ घरांतल्या पुरुषांची होती आणि शिवरात्रीची भांगही त्यांचीच होती.

शिवरात्रीला सकाळपासून देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती घोटली जायची. पानं धुऊन, मिरी-बडीशेप-खसखस घालून, दगडी कुंडीत लाकडी सोट्याने तास-दोन तास. मग फडक्यातून गाळून पितळी हंड्यात दूध, बदाम, साखर. हा हंडा पुरुषांचा. बायका-मुलांचं केशराचं दूध वेगळं, स्टीलच्या पिंपात, देवळाच्या पुढच्या अंगणात. ही वाटणी इतकी जुनी होती की तिच्याबद्दल कोणी बोलतही नसे. गुजरातेत दारूबंदी. आमचे पुरुष छाती काढून सांगायचे, "दारूला आम्ही शिवत नाही. ही तर भोळ्या शंकराची बुटी." कमिटीचे अध्यक्ष निवृत्त हेडक्लार्क होते, ते तर भांग हा शब्दच उच्चारू देत नसत. "विजया म्हणा," म्हणायचे.

आई या घरातली नव्हे, मास्तरांच्या घरातली. तिचे वडील, आजोबा दोघेही शिक्षक. ती मुलींच्या मराठी शाळेत गणित शिकवायची. अंगाने बारीक, आवाज खणखणीत, आणि हसणं जवळजवळ नाहीच. कडक बाई म्हणून गल्लीत तिची ख्याती होती. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली पुढे आया झाल्या तरी तिला रस्त्यात बघून पदर सारखा करायच्या. शिवरात्रीला दुपारी देवळात बायकांसाठी पोथी वाचायचा मान तिचा होता. तो तिला कोणी दिला नव्हता; आधी वाचणाऱ्या आजी वारल्या तेव्हा नीट उच्चार असलेली दुसरी बाईच नव्हती. बारा वर्षं ती वाचत होती. दिवसभर कडक उपास करायची, रताळंसुद्धा संध्याकाळच्या पूजेनंतर.

त्या वर्षी ऊन फार होतं. पोथीचे दोन अध्याय झाल्यावर ती थांबली, पदराने कपाळ टिपलं. मी तिच्या शेजारी बसले होते. तेवढ्यात काका आले, हातात मोठा पेला घेऊन.

"वहिनी, दूध घ्या. घसा कोरडा पडला असेल."

आईने पेला घेतला नाही. "कुठल्या भांड्यातलं, भाऊजी?"

"बायकांच्याच. तुम्हाला मी दुसरं देईन का? प्रसाद आहे, नाही म्हणू नका."

तिने घेतला. तहान लागली होती, सगळा प्यायली. काकांनी लगेच दुसरा आणला, तोही अर्धा प्यायली. बायकांचं पिंप अंगणात, आमच्या डाव्या हाताला होतं. काका उजवीकडून, शेडच्या बाजूने आले होते. मी ते पाहिलं आणि त्यावर विचार केला नाही.

पाऊण तासाने ती एकच ओळ तीनदा वाचायला लागली. बायकांना वाटलं, भक्तीने कंठ दाटला असेल. एकीने हातसुद्धा जोडले. मग आई हसली. पोथीकडे बघून, आधी हळू, मग तोंडावर हात धरून, मग हात न धरता. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. शेडकडच्या दारात काका आणि आणखी पाच-सहा जण येऊन उभे राहिले होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. तेव्हा मला कळलं.

आणि मीही हसले. हे लिहिल्याशिवाय बाकीच्यांवर रागवायचा मला हक्क नाही. माझी कडक आई खुळ्यासारखी हसत होती आणि मला गंमत वाटली.

आईने दारातल्या पुरुषांकडे पाहिलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "तिथे काय उभे राहिलात? ओळीत बसा." ते हसत हसत ओळीत बसले. "हजेरी," ती म्हणाली. त्यांनी एकेक करून हात वर केले. "पावकी म्हणा." कोणालाच पावकी येत नव्हती. मग तीच म्हणायला लागली, एक पाव, दोन अर्धा, आणि अठ्ठावीस-एकोणतीसच्या आसपास अडली. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तिथेच अडली. हजार वेळा म्हटलेली पावकी तिला सापडेना. गल्लीतली पोरंसोरं गोळा झाली होती. पुरुष मांड्या थोपटत होते. आमच्या घरात हकिगत इथे संपते.

पुढचं असं आहे. तिसऱ्यांदा अडल्यावर तिने माझा दंड धरला. बोटं गार होती. "माझे पाय कुठे गेले?" तिने मला विचारलं. मग म्हणाली, "मी मरतेय. यांना सांग, मुलीची फी भरायची राहिलीय." डोळे इतके मोठे झाले होते की मला तिच्याकडे बघवेना. छातीवर हात दाबून ती एकसारखी श्वास मोजत होती, मोठ्याने. समोर अजून दोघे-तिघे हसतच होते, त्यांना वाटलं हाही खेळच. आणि मग तिथे, पोथीसमोर, चाळीस-पन्नास माणसांच्या देखत, तिचं लुगडं ओलं झालं. तिला ते कळलं. भांगेत माणसाला काही कळत नाही असं म्हणतात ते खोटं आहे. तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पोथी उचलून वर धरली, भिजू नये म्हणून.

बाबा खांबाशी उभे होते. ते सावकाश पुढे आले.

रिक्षावाल्याने विचारलं, "बेनने शुं थयुं?" बाबा म्हणाले, "चक्कर." आमचे डॉक्टर गुजराती होते, वयस्कर. नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि हसले. "कशुं नथी. ऊतरी जशे." काही नाही, उतरेल. लिंबू द्या, झोपू द्या. काय झालं हे त्यांना न सांगता कळलं होतं, कारण म्हणाले, दर शिवरात्रीला दोन-चार येतात. दर शिवरात्रीला दोन-चार येतात हे एखाद्या सर्दीबद्दल बोलावं तसं म्हणाले. मी त्यांना विचारलं नाही की त्या दोन-चारांत बायका किती असतात. आज विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली. मी म्हटलं, रजा घे. म्हणाली, "कशाबद्दल?" संध्याकाळी तिने मला सांगितलं की सातवीच्या फळ्यावर कोणीतरी पेला काढून ठेवला होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, प्रसाद. तिने तो डस्टरने पुसला आणि व्यवहारी अपूर्णांक शिकवले. हे ती भाजी चिरता चिरता सांगत होती. तिचा आवाज हलला नाही. मला काकांच्या घरी जाऊन त्यांचा रंगीत टीव्ही फोडावासा वाटत होता.

त्या रविवारी ती कमिटीपुढे गेली. मला बरोबर घेतलं, बाबांना घेतलं नाही. देवळाच्या ओसरीवर पाचजण चहा पीत बसले होते, काकाही त्यांत. आईने बसायला नकार दिला.

"तुमच्या सभेच्या वहीत एक ठराव लिहून घ्या," ती म्हणाली. "पोथी वाचणाऱ्या बाईला न सांगता, खोटं सांगून भांग दिली. ही चूक झाली. पुन्हा होणार नाही. खाली सगळ्यांच्या सह्या."

काका म्हणाले, "वहिनी, थट्टा होती हो. वर्षातून एक दिवस."

"मी विचारलं होतं, भाऊजी."

"अहो, पण तुम्हाला सांगून दिली असती तर तुम्ही घेतली असती का?"

"नसती. म्हणून तर विचारलं."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. ते आवाज चढवत नसत, समजावत. "बाई, तुम्ही सुशिक्षित आहात. विजया हा महादेवाचा प्रसाद. आपल्या पूर्वजांनी पागेत घोटली, देवाला दाखवली, मग मोहिमेवर गेले. प्रसादात फसवणूक कशी होईल? तो ज्याला मिळाला त्याचं भाग्य. तुम्हाला सोसला नाही, इतकंच. शंकराने तर हलाहल पचवलं."

"शंकराने विष आहे हे माहीत असून घेतलं," आई म्हणाली. "त्याला कोणी दूध म्हणून पाजलं नव्हतं."

एकजण चहाच्या कपात बघत होता. अध्यक्ष शेवटी म्हणाले, अशा गोष्टी वहीत लिहिल्या तर देवळाची बदनामी होते, पुढच्या पिढ्या वाचतात. आई म्हणाली, त्यांनी वाचावं म्हणूनच. ते म्हणाले, तोंडी दिलगिरी चालेल का. आई म्हणाली, ती यांनी व्यक्त करावी, आणि काकांकडे बघत राहिली. काकांनी हात जोडले, पण नाटकात जोडतात तसे, कपाळाला लावून, आणि बाकीच्यांच्या मिशीत हसू आलं. आई वळली आणि पायऱ्या उतरली. त्या देवळाच्या पायऱ्या ती पुन्हा चढली नाही.

बाबांना बरोबर का घेतलं नाही, हे मला आठवड्याने कळलं. दर रविवारी मी बाबांबरोबर खंडेराव मार्केटला भाजीला जायची. कांद्याच्या ढिगाशी ते वाकून कांदे निवडत होते. मी विचारलं, "बाबा, काका पेला भरत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "शेडमध्येच."

"तुम्ही पाहिलंत?"

"हो."

"आईला सांगितलं नाहीत?"

त्यांनी कांदे टोपलीत टाकले, उठले, धोतर नव्हतं तरी झटकल्यासारखी पँट झटकली. "मला वाटलं, थोडीशी घेईल," ते म्हणाले. "जरा हसेल. ती कधी हसत नाही ग."

ते हे लाजून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणूनच मला ते अजून सहन होत नाही. काकांची टवाळी मला समजते, ती उघडउघड टवाळी होती. पण बाबांना मनापासून वाटत होतं की ते तिच्यासाठी काहीतरी चांगलं होऊ देत आहेत. बावीस वर्षांच्या संसारात आपल्या बायकोला कशाने हसू येतं हे शोधायचं सोडून त्यांनी ते भावाच्या पेल्यावर सोपवलं. मी भाजीची पिशवी तिथेच ठेवली आणि न्यायमंदिराच्या चौकापर्यंत एकटी चालत गेले. ते मागून येत होते, दोन्ही पिशव्या घेऊन, मला हाक न मारता.

आईला हे ठाऊक होतं. त्यांनीच तिला सांगितलं होतं, शिवरात्रीच्या दुसऱ्याच दिवशी. ती त्यानंतरही त्यांचा डबा भरत राहिली, शर्टाची बटणं लावत राहिली. फक्त त्यांच्या हातून पाणीसुद्धा घेईना. तापात असली तरी उठून स्वतः माठातून घ्यायची. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि बाबांनी कधी विचारलं नाही. मी त्या घरात होते तोवर तरी ते बदललेलं पाहिलं नाही.

उन्हाळ्यात काकू आल्या. काकांची बायको, आईहून आठ वर्षांनी लहान, मोठ्या दिरापुढे डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आल्या होत्या. स्वयंपाकघरात दोघी कैऱ्या फोडत बसल्या, मी बाहेरच्या खोलीत वाचत होते. बराच वेळ नुसता अडकित्त्याचा आवाज. मग काकू म्हणाल्या, "मलाही पाजली होती, वहिनी."

अडकित्ता थांबला.

"लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला. दुधातच. दोन दिवस मला उठता येत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, नव्या सुनेची गंमत करतात, मनावर घ्यायचं नाही. त्यांचीही केली होती म्हणे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या. तुमच्याशी कोण असं करील, असं वाटलं. आणि तुम्ही नव्या होतात तेव्हा नाही केलं, म्हणून वाटलं तुम्ही सुटलात."

मी आत जाऊन काकूंना काहीतरी लागेल असं बोलणार होते. दारापर्यंत गेलेही. आई पाटावर बसली होती, हाताला कैरीचा चीक, आणि काकूंच्या पाठीवर मनगटाची मागची बाजू टेकवून होती, चीक लागू नये म्हणून. मी परत फिरले. पण तेव्हापासून जे कोणी मला पूर्वजांच्या पागेचं कौतुक सांगतात त्यांना मी विचारते, की पागेतल्या बायकांना काय पाजत होते, आणि विचारून देत होते का.

पुढच्या शिवरात्रीला आईने पोथी घरीच वाचली, दार उघडं ठेवून. पहिल्या वर्षी काकू आणि शेजारच्या एक आजी, एवढ्याच. काकूंनी घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. तिसऱ्या वर्षी जिन्यात चपला मावेनात. देवळात कमिटीने वाचनासाठी कॅसेट लावली, लाऊडस्पीकरवर, आणि त्या कॅसेटचा आवाज आमच्या खिडकीत येऊन आदळायचा. आई आवाज न वाढवता वाचत राहायची. केशराचं दूध ती सगळ्यांच्या देखत, समोरच्या गॅसवर उकळायची.

मी लग्न करून गावातच, अलकापुरीच्या बाजूला राहायला गेले, नोकरी करू लागले. गावात मॉल आले, मराठी शाळेचे वर्ग एकेक करून बंद पडले, आई निवृत्त झाली. आणि काका प्रत्येक लग्नकार्यात ती गोष्ट सांगत राहिले. हजेरीपर्यंत. पावकीपर्यंत.

मग त्यांच्या मुलीचं लग्न झालं, दोन हजार सालाच्या आगेमागे. नवे जावई पुण्याचे, कॉम्प्युटरवाले, शांत. पहिल्या सणाला ते आले तेव्हा आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आई-बाबा आले नव्हते. श्रीखंड वाढून झालं आणि काकांनी सुरुवात केली, "जावईबापू, आमच्या वहिनींची एक गंमत सांगतो." मी ताट पुढे सरकवलं.

"काका, आज पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं. "आईने तुम्हाला काय विचारलं होतं?"

ते थांबले. "कधी?"

"पेला हातात घ्यायच्या आधी. काय विचारलं?"

"इतकं जुनं कोणाला आठवतं, ग."

"मला आठवतं. तिने विचारलं, कुठल्या भांड्यातलं. तुम्ही म्हणालात, बायकांच्याच. आणि पावकीनंतर काय झालं तेही मला आठवतं. ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

पंखा फिरत होता. काकांचा हात श्रीखंडाच्या वाटीत तसाच राहिला. ते तेव्हा साठीचे होते, मधुमेहाने सुकलेले. मला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती असं नंतर बरेचजण म्हणाले. चुलतबहीण रडायला लागली, नवऱ्यासमोर मी तिच्या वडिलांचा अपमान केला म्हणाली. जावई ताटाकडे बघत होते. त्यांनी हळूच सासूला विचारलं, "खरं आहे का?"

काकू वाढण्याचा चमचा हातात घेऊन उभ्या होत्या. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "माझंही तसंच झालं होतं." आणि त्यांनी पुढच्या ताटात भात वाढला. काकांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू भिंत बोलली. तीस वर्षांत त्यांना एकदाही वाटलं नव्हतं की त्या गमतीत हिला काही झालं असेल. माफी त्यांनी माझ्या आईची मागितली नाही, काकूंचीही नाही. पुढे पाच वर्षांनी गेले. त्यांच्या तोंडून ती गोष्ट मात्र मी पुन्हा ऐकली नाही. दुसरे नातेवाईक सांगतात.

त्या दिवशी मी तडक आईकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती गॅलरीत बसून पेपर वाचत होती. चष्मा काढून म्हणाली, "जेवणाच्या पानावर कशाला बोलायचं? ती पोरगी नवी नवरी."

"मग कुठे बोलायचं, आई? देवळात बोललीस, काय झालं?"

तिने पेपर मांडीवर ठेवला. आतून बाबा बाहेर आले. त्यांनी ऐकलं असणार. मी जिना चढून आल्याने मला धाप लागली होती. ते आत गेले आणि माझ्यासाठी पाण्याचं भांडं घेऊन आले. मी ते घेतलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ, आणि म्हणाली, "तुझं तू ठरव. पण माझ्यामुळे नको." बाबा भांडं हातात धरून उभेच होते. भांडं काठोकाठ भरलेलं होतं, पाणी काठावरून फरशीवर सांडत होतं.

मी ते शेवटी घेतलं आणि प्यायले. राग तसाच होता, पाण्याच्या प्रत्येक घोटाबरोबर. बाबा आत जाऊन पलंगावर बसले आणि आईने पेपरची घडी घालून ती माझ्या हातात दिली, खालच्या ओल्या फरशीवर टाकायला.